हौसेला मोल हवे

डिसेंबर संपत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना आणि बायकांच्या मासिकांना हलव्याच्या दागिन्यांची आठवण होते. 'घरच्या घरी करा' अशा मथळ्याखाली आधी साहित्य येते : तीळ किंवा खसखस, साखर, थोडे दूध, पुठ्ठा, सोनेरी कागद, जर, सुई-दोरा, डिंक. मग कृती येते. शेवटी काळ्या साडीवर पांढरेशुभ्र दागिने ल्यालेल्या नव्या सुनेचा हसरा फोटो येतो. हल्ली हे सगळे मोबाइलवरच्या चित्रफितीत चार-पाच मिनिटांत उरकते. साखर किती वाट्या, हे प्रत्येक ठिकाणी लिहिलेले असते. तास किती, हे मी अजून कुठे वाचलेले नाही. आणि ते तास कुणाचे, हा प्रश्न तर 'साहित्य' आणि 'कृती' या दोन रकान्यांत बसतच नाही.

ज्यांनी कधी हलवा केला नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. साखरेचा पाक करायचा, दूध घालून त्यातली मळी काढायची. परातीत तीळ घ्यायचे. खाली अगदी मंद आच. पूर्वी शेगडीतले निखारे असत, आता गॅसची सर्वांत बारीक ज्योत. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि तो सुकून दाण्यादाण्यावर पांढरा थर धरेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे. मग पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर काटा येत नाही. हवा थंड आणि कोरडी हवी, म्हणून भल्या पहाटे बसायचे. असे कित्येक दिवस. बोटांची टोके भाजून बधिर होतात. एवढे झाल्यावर दागिने सुरू : दाणे दोऱ्यात एकेक करून गुंफायचे, पुठ्ठ्याचे आकार कापायचे, त्यावर सोनेरी कागद, त्यावर दाण्यांच्या ओळी. हार, बाजूबंद, बांगड्या, बिंदी, नथ, मंगळसूत्र. जावयासाठी हार आणि नारळ वेगळा.

मिठाईच्या कारखान्यात साखरेचा थर चढवण्याचे हेच काम फिरत्या कढईच्या यंत्रावर होते. ते यंत्र चालवणाऱ्याला कारागीर म्हणतात आणि महिन्याच्या महिन्याला पगार देतात. घरात परातीपुढे बसलेली बाई हवेतला दमटपणा बोटांनी ओळखते, पाकाची तार नजरेने जोखते, आणि तिच्या या कसबाला आपल्याकडे एकच शब्द आहे. हौस.

'हौसेला मोल नाही' असे आपण कौतुकाने म्हणतो. मला या वाक्याची आता भीती वाटते, कारण बायकांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे करून दाखवले गेले आहे. गौरींची आरास ही हौस, रुखवत ही हौस, बोरनहाणाचे झबले आणि मुकुट ही हौस, दिवाळीच्या पणत्या रंगवणे ही हौस. सण कुटुंबाचा, प्रतिष्ठा घराण्याची, आणि त्यासाठी लागणारे श्रम मात्र एका बाईची खाजगी आवड! 'आमच्या हिला भारी हौस' असे म्हटले की नवऱ्याने मदत करण्याचा प्रश्न मिटतो. हौस काय, जिची तिने पुरवायची असते.

पुरुषांच्या हौसेचे असे होत नाही. दर दिवाळी अंकात बालपणीच्या आकाशकंदिलाचा एक तरी लेख असतो. त्यात वडील असतात, बांबूच्या कामट्या असतात, पतंगी कागद असतो, करंज्या-झिरमिळ्या कापणारा मोठा भाऊ असतो. खळ मात्र त्या लेखात आपोआप शिजलेली असते. वाडाभर फराळाचा वास सुटलेला असतो, तोही असाच आपोआप.

इथे काही मैत्रिणी रागावतील. "आम्हाला खरंच आवडतं हो ते. त्यातला आनंदही आता हिशेबाने मोजायचा का?" आवडते, हे मला मान्य आहे. बायकांच्या हाताने घडणारी प्रत्येक सुबक वस्तू ही गुलामीची खूण आहे, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. चळवळीत एकेकाळी हा सूर होता आणि तो मला कधीच पटला नाही. परातीत काटा फुलताना पाहण्याचे सुख खरे आहे. दुपारी चौघीजणी जमून दागिने गुंफताना ज्या गप्पा होतात त्या इतरत्र होत नाहीत. पण गवयाला गाण्यात आनंद मिळतो म्हणून त्याची बिदागी कुणी बुडवत नाही. सर्जनला शस्त्रक्रिया आवडते म्हणून तो ती फुकट करत नाही. आनंद आणि मोबदला यांतले एकच काहीतरी घ्या, ही अट फक्त बायकांच्या कामाला का?

शिवाय ज्याला आपण आवड म्हणतो त्यातली निवड किती आणि सक्ती किती, हेही एकदा तपासले पाहिजे. सुनेच्या पहिल्या संक्रांतीला दागिने घरचे नसून विकतचे आणले तर कोण बोलेल आणि कुणाला बोलेल? मुलाच्या बापाला? जे न केल्याबद्दल बोलणी खावी लागतात त्याला आवड म्हणताना जरा थांबावे. आणि ज्या बाईचा नवरा वारला आहे तिच्या हातचा हलवा चालतो, हळदीकुंकवाचे बोलावणे मात्र कित्येक घरांतून तिला अजूनही जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांवरच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जे सुचले ते आमच्या शहरी सोसायट्यांना संक्रांतीच्या फलकावर लिहायला जड जाते.

वेळेचे म्हणाल तर सरकारनेच तो मोजला आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात असे आढळले, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ही वर्षभराची सरासरी आहे. सणाआधीच्या पंधरवड्याची वेगळी मोजणी केली तर आकडा कुठे जाईल, हे कुठल्याही बाईला विचारा.

घरातल्या हौसेपुरताच हा प्रश्न असता तर मी कदाचित लेख लिहिला नसता, घरीच भांडले असते. पण हीच हौस उंबरठ्याबाहेर पडून बाजारात जाते तेव्हा आपले बिनमोलाचे लेबल बरोबर घेऊन जाते. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथे वर्षभर कुठला ना कुठला सण घराघरांत बनत असतो. राख्यांचे मणी ओवले जातात, तोरणांना टिकल्या लागतात, कंदिलांना झिरमिळ्या चिकटवल्या जातात. ठेकेदार माल आणून देतो आणि तयार नग घेऊन जातो. भाव डझनावर किंवा ग्रोसवर. जागा तिची, वीज तिची, बहुतेक वेळा डिंक आणि दोराही तिचा. दहा बाय दहाच्या खोलीत एका कोपऱ्यात स्वयंपाक, दुसऱ्या कोपऱ्यात कारखाना. शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवते आणि मणी ओवायला बसते. दहा नग 'बाद' ठरले की त्यांचे पैसे कापले जातात, बाद कोणी ठरवले हे विचारायचे नसते. आणि भाव वाढवून मागितला की उत्तर ठरलेले : "घरी बसून फावल्या वेळात तर करता."

फावला वेळ! तो कुठे असतो, हे एकदा त्या ठेकेदाराने दाखवावे.

इथे कायदाच शक्य नाही, असे कुणी सांगू लागले तर त्यांना विडीची आठवण करून द्यावी. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांनाही असेच फावल्या वेळातल्या म्हटले जात होते. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले गेले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या भविष्यनिर्वाह निधीला पात्र असल्याचे मान्य केले. म्हणजे काम घरी चालते म्हणून ती बाई कामगार नाही, हा युक्तिवाद केव्हाच निकालात निघालेला आहे. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ च्या 'श्रमशक्ती' अहवालात असंघटित बायकांच्या श्रमांची दखल देशापुढे ठेवली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गृह-आधारित कामगार' अशी व्याख्या आहे खरी. पण व्याख्येने राखीचा भाव वाढत नाही. नगाला किमान किती, बाद नगाचे काय, विजेचे काय, हे कुणीतरी ठरवून लिहून दिल्याशिवाय आमच्या वस्तीतल्या बाईला त्या व्याख्येचा उपयोग शून्य.

आता थोडे आमच्या धंद्याविषयी. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आम्हा मंडळींना 'महिला सक्षमीकरण' म्हटले की पहिली आठवण पणतीची होते. तीन दिवसांचे शिबिर, रंगवलेल्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी फुलांचे तोरण, समारोपाला पाहुण्या, प्रमाणपत्र, गटाचा फोटो. देणगीदार खूश. दिवाळीत एखाद्या कंपनीच्या आवारात स्टॉल मिळतो. तिथे शेजारच्या आठ टेबलांवर आठ संस्थांच्या त्याच पणत्या असतात, आणि कंपनीतली माणसे 'बिचाऱ्या बायका' म्हणून एकेक डबा उचलतात. भावाला मात्र आम्हीच आयटीआयचा अर्ज भरून देतो, वायरमन हो, ड्रायव्हिंग शीक म्हणतो. भावाला धंदा आणि बहिणीला कला, ही वाटणी कुणी केली? शिबिरात रंग कसा द्यायचा हे शिकवायला तीन दिवस असतात, किंमत कशी काढायची हे शिकवायला अर्धा तासही ठेवलेला नसतो. मी कार्यक्रमपत्रिका पाहते तेव्हा आधी हेच शोधते.

लिज्जतचे उदाहरण सगळेच देतात, पण चुकीच्या कारणासाठी. १९५९ साली गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, हे आपण सांगतो आणि बायकांना पापड लाटायला बसवतो. पापड तर घरोघरी लाटले जात होतेच. नवी गोष्ट ही होती की लाटणारी प्रत्येक जण सभासद झाली, नफ्यात वाटेकरी झाली, आणि भाव ठरवणारा कुणी शेठ मध्ये उरला नाही. ते सोडून बाकी सगळे आपण उचलले!

तेव्हा या संक्रांतीला एक हिशेब मांडून पाहू. आकडे मी उदाहरणादाखल धरते, तुम्ही तुमचे घाला. समजा, एका संचाचा हलवा करायला रोज दोन तास असे पाच दिवस, आणि दागिने गुंफायला आणखी दहा तास. एकूण वीस. तीळ, साखर, गॅस, पुठ्ठा, जर धरून साहित्य अडीचशेचे. संच विकला हजाराला. उरले साडेसातशे, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये. पोचवायला रिक्षा केली असेल तर तेही नाहीत. आता हा दर घरी ऑर्डर घेणाऱ्या तुमच्या ओळखीच्या बाईला सांगा आणि तिने आजवर कुणाला 'घरचंच आहे, द्या काय ते' म्हटले आहे, तेही विचारा. विकत घेणाऱ्या आपणही कमी नाही. सराफाकडे मजुरी किती लावली हे निमूट ऐकून घेतो आणि हलव्याच्या हारावर पन्नास रुपये सोडवून घेतो.

आमच्या गटाने यंदा एवढे ठरवले आहे. संक्रांतीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाराजणींनी मिळून तासाचा एक दर ठरवायचा आणि त्याखाली कुणीच काम घ्यायचे नाही. प्रत्येक संचाबरोबर पावती द्यायची, तिच्यावर साहित्य वेगळे आणि मजुरी वेगळी, तासांसकट. घासाघीस झाली तर ती साहित्यावर करावी, तासांवर नाही. घरात जिथे मुलगे आहेत तिथे रोजचा एक तास परातीपुढे त्यांचा. बोटे भाजली तर भाजली. वाणाच्या वस्तू वस्तीतल्या बायकांकडून, त्या सांगतील त्या भावाने घ्यायच्या, आणि हळदीकुंकवाला बोलावताना कुणाचा नवरा आहे की नाही हे विचारायचे नाही.

तुमच्याकडेही कुणी हलवा, राख्या, कंदील किंवा रुखवत करून विकत असेल तर तिच्याजवळ बसून एका नगाचे तास मोजा. साहित्य, तास, मिळालेले पैसे आणि बाद ठरवलेले नग, एवढे चार आकडे पोस्टकार्डावर लिहून आमच्या पत्त्यावर पाठवा. नाव घालायची गरज नाही, गाव आणि वस्तू पुरे. पुढच्या अंकासाठी आलेली कार्डे आम्ही एकत्र मांडणार आहोत आणि ती घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाणार आहोत.