घडीचा टब आणि घडी न होणारे गुडघे

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण कुणा माणसाशी नाही. एका वस्तूशी आहे, आणि ती वस्तू घरच्या म्हाताऱ्यांना भेट म्हणून पाठवायच्या नव्या रिवाजाशी आहे.

वस्तू म्हणजे घडीचा टब. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जाड प्लास्टिकच्या कापडाचं एक पिंपच ते, सत्तरेक सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तेवढंच उंच. भोवतीनं दांड्या खोचायच्या, वरच्या कडेत हवा भरायची, तळाशी पाणी सोडायला नळी. काम झालं की घडी करून कपाटामागे! जाहिरातीत एक बाई (वय फार तर तीस) गळ्यापर्यंत पाण्यात बसून हसत असते. खाली लिहिलेलं असतं : घरच्या घरी जलचिकित्सा, सांधेदुखी-निद्रानाशावर उपाय, शरीरातली विषद्रव्यं बाहेर!

विषद्रव्यांचं आधी उरकून टाकते. मी मराठी-इतिहासाची बी.ए., पण लहान शाळेत आठवीचं विज्ञानही गळ्यात पडायचंच. शरीरातला नको तो ऐवज बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. पाण्यात बसून विष निघत असतं तर आमच्या कृष्णेत डुंबणाऱ्या म्हशी आतापर्यंत अमर झाल्या असत्या. असो.

गरम पाण्यानं दुखणं हलकं होतं हे मात्र मी नाकारत नाही. बंबातलं पाणी घंगाळात घेऊन कढत आंघोळ करणारी आमची पिढी, ती कशाला नाकारेल? माझा राग पाण्यावर नाहीच. राग आहे तो ‘चिकित्सा’ हा शब्द एका पिंपाला चिकटवण्यावर.

कारण जलचिकित्सा म्हणजे काय, हे आपल्याकडे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? लुई कूने या जर्मन माणसाच्या कटिस्नानाचं वेड गांधीजींना आफ्रिकेत असतानाच लागलं. 1902 च्या सुमारास मुंबईत मणिलालला विषमज्वर झाला, तेव्हाची हकीकत आत्मकथेत आहे. दहा वर्षांचं पोर तापानं फणफणलेलं, आणि गांधीजी त्याला कटिस्नान देताहेत. किती वेळ? एका वेळी तीन मिनिटांहून जास्त नाही. उपचार योग्य होता की नव्हता हा वाद डॉक्टरांनी घालावा, मी त्यात पडत नाही. मला दिसतात ती तीन मिनिटं, आणि शेजारी बसलेला बाप. पुढे 1946 साली उरुळीकांचनला त्यांनी निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. माझी धाकटी बहीण तिथल्या आश्रमात राहून आलेली आहे. तिला टब आठवत नाही, ‘बास, आता उठा’ म्हणणारी सेविका आठवते.

दवाखान्यातली आजची जलचिकित्सा घ्या. फिजिओथेरपीवाले गुडघ्याच्या रुग्णाला कोमट पाण्याच्या तलावात उतरवतात ते कशासाठी? कंबरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार निम्म्यावर येतो. एरवी पाऊल टाकताना कळ येते तो माणूस तिथे चालतो, पाय उचलतो, स्नायूंना बळ येतं. उपचार म्हणजे ते चालणं! पिंपात गुडघे छातीशी घेऊन बसल्यावर कोण कुठे चालणार? तो शेक झाला. शेकाला काही नाव ठेवत नाही, पण शेक बादलीत पाय सोडूनही मिळतो.

आता खरी गंमत बघा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हा टब. त्यात शिरायचं कसं? तर एक पाय सत्तर सेंटिमीटर उचलून कडेपलीकडे टाकायचा, तोवर दुसऱ्या पायावर, ओल्या फरशीवर, तोल सांभाळायचा. धरायला काय? हवा भरलेली कड. ती धरली की आत वाकते. जो माणूस हे करू शकतो त्याला टबाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे असं आपण म्हणतो त्याला हे जमत नाही. माझा भाचा हुशार इंजिनिअर आहे. त्यानं आमच्या ‘ह्यां’च्या पंचाहत्तरीला बंगलोरहून हाच टब पाठवला. त्याला मी हा प्रश्न फोनवर विचारला, तर म्हणाला, “मावशी, छोटं स्टूल ठेव ना.” ओल्या फरशीवर स्टूल! यांनी पूल बांधायचे!

यात माझा निव्वळ खवचटपणा आहे असं वाटत असेल तर आमच्याच सोसायटीत घडलेलं सांगते. एका आजींना लेकानं असाच टब आणून दिला. लेक-सून दोघं नोकरीवर. आजी दुपारी एकट्याच कशाबशा आत उतरल्या. पाणी सुखाचं वाटलं, पण उठता येईना. पाय मुडपलेले, तळ बुळबुळीत, कड मऊ. फोन बाहेरच्या खोलीत. दीड तास त्या बसून होत्या, पाणी गार होत गेलं. शेवटी कामाला येणाऱ्या बाईंनी हाका ऐकल्या, शेजाऱ्यांनी दार उघडवलं. संध्याकाळी लेक पहिलं वाक्य काय बोलला माहिताय? “आई, तू एकटी का बसलीस?” अरे, पण खोक्यावर तर ‘घरच्या घरी, कुणाच्याही मदतीशिवाय’ असंच लिहिलं होतं की!

आजी सुटल्या. सगळे सुटतात असं नाही. कढत पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असली तर झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहानं पाय बधिर झालेल्याला पाणी पोळतंय हेच कळत नाही, म्हणून पाणी कोपरानं किंवा तापमापकानंच बघायला हवं. टबाच्या जाहिरातीत जपानचं नाव फार मिरवतात. त्या जपानात टबात बसणं पिढ्यान्‌पिढ्यांचं, टबही पक्के, आणि तरी दरवर्षी हजारो वृद्ध घरच्या टबात बुडून दगावतात. तिथलं सरकारी ग्राहक खातं लोकांना सांगतं की पाणी 41 अंशांपेक्षा कढत नको, 10 मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, सावकाश उठा आणि टबात जाण्याआधी घरातल्यांना सांगून जा. म्हणजे घरात सांगायला कुणी असायला हवं, हे तेही गृहीत धरतात.

पाण्याचा हिशेबही मांडते (सवय जात नाही). टबाला सुमारे 200 लिटर पाणी लागतं. आमच्या 15 लिटरच्या गीझरच्या एका टाकीत गार पाणी मिसळून सोसवेल असं चाळीसेक लिटर होतं. म्हणजे पाच टाक्या, दीड तास, तीन युनिटं वीज. आणि पाचवी टाकी तापेपर्यंत पहिलीचं पाणी निवलेलं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर आणि खेड्यात 55 लिटर हा सरकारी निकष. नोकरीची अकरा वर्षं मी माण तालुक्यात काढली. टँकर आला की वर्ग सोडून कळशी घ्यायला पळणाऱ्या मुलींची मी हजेरी मांडली आहे. चार जणांचं दिवसाचं पाणी एका गुडघ्याच्या शेकासाठी मोरीत सोडताना माझा हात नळीवर जात नाही. ज्याचा जात असेल त्यानं खुशाल जावू द्यावा.

परगावच्या, परदेशच्या मुलांनो, भाच्यांनो, पुतण्यांनो, तुमची माया मला कळते. तुम्हाला लांबून काहीतरी करायचं असतं आणि खोकं पाठवणं सोपं असतं. पण त्याच पैशात मिस्त्री बोलावून न्हाणीघराच्या भिंतीत आधाराची दांडी ठोकून घ्या. रबरी चटई, पाठ असलेलं प्लास्टिकचं बसकं, संडासाजवळ दुसरी दांडी, आणि हाताशी घंटा. उरलेल्यात फिजिओथेरपीच्या बाईंना महिनाभर घरी यायला सांगा. आमच्या ‘ह्यां’चा गुडघा त्यांनी सांगितलेल्या खुर्चीतल्या व्यायामानंच सैल झाला. रात्री बादलीत पाय सोडून बसतात तेव्हा शेजारी मी असते, पाणी मी कोपरानं बघते.

आमच्या टबात सध्या गोधड्या भिजतात. मोठ्या गोधडीला तो फार सोयीचा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवते. आणि तुमच्यापैकी कुणाकडे सत्तरीपुढचं दुखऱ्या गुडघ्याचं माणूस या टबातून कुणाचाही हात न धरता उठत असेल, तर कसं ते मला सविस्तर कळवा. नुसतं ‘आमच्याकडे छान चाललंय’ नको. कड कुठे धरतात, पाय कुठे टेकतात, ते लिहा.