घरातला सोहळा, दप्तरातली नोंद

साधारण 18 ते 30 या वयात महाराष्ट्रातली मुले-मुली घर सोडतात, पहिला पगार घेतात, लग्न करतात आणि बरीचशी आईबापही होतात. यातल्या प्रत्येक टप्प्याची दखल दोन ठिकाणी घेतली जाते. घरात पेढे वाटले जातात, ओटी भरली जाते, केळवणे होतात, बारसे होते. सरकारदरबारी करार, नामनिर्देशन आणि दाखले होतात. घरातले विधी शिकवायला मावशी, काकू, आत्या तयारच असतात. अंतरपाट कोणी धरायचा, ओटीत काय काय घालायचे, हे विचारायच्या आधीच सांगितले जाते. दप्तरातल्या नोंदीला असा वाली नसतो. ती राहून गेली तर त्या वेळी कोणाचे काही अडत नाही. अडते नंतर, आजारपणात, मृत्यूनंतर, घटस्फोटात किंवा मुलाला शाळेत घालताना. म्हणूनच ही दुसरी बाजूही सोहळ्याइतक्याच आस्थेने समजून घेण्याची गरज आहे.

पहिला हक्क न मागता मिळतो, मतदानाचा. मतदानाचे वय 21 वरून 18 करणारी 61 वी घटनादुरुस्ती 1989 मध्ये अमलात आली. यादीत नाव घालायला आता वर्षात चार अर्हता दिनांक आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. 17 वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. शिकायला दुसऱ्या शहरात गेलेल्यांची नावे मात्र गावच्या यादीतच राहतात, आणि मतदानाच्या दिवशी गावी जाणे जमत नाही.

घर सोडण्याचा टप्पा याहून मोठा आणि महाराष्ट्रात चांगलाच जुना आहे. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत कामाला आलेले तरुण लालबाग-परळच्या चाळींत गावमंडळाच्या खोल्यांवर राहत. एका खोलीत मावतील त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे असत. एका पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागी अंग टाकत. जेवण खानावळीणबाईंकडे. गिरणगावातल्या अशाच बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा या मुलुखभरच्या पोरांना जेवू घालणाऱ्या श्रमाकडे प्रथमच लोकांचे नीट लक्ष गेले. गोव्यातून आलेल्यांसाठी मुंबईत गावागावांचे कूड होते. जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत, किंवा दोन सफरींच्या मधल्या काळात, तिथे ट्रंक ठेवून राहता येई. पुण्याच्या पेठांत ‘कॉट बेसिस’ची पद्धत रुजली. खोली नव्हे, खोलीतली एक खाट भाड्याने मिळायची. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या किती पिढ्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या अशा खाटांवर आणि मेसच्या डब्यावर वाढल्या आहेत.

या सगळ्या व्यवस्था ओळखीवर चालत. गावमंडळात गावचाच माणूस, कुडात गावचाच माणूस, पेठेतल्या वाड्यातही ‘अमक्याचा भाचा’ म्हणून दार उघडत असे. हिंजवडी, वाकड, खराडी किंवा ठाण्यापलीकडच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन राहणाऱ्या तिघा-चौघांना अशी ओळख नसते. मालक परगावी असतो आणि मध्ये फक्त एजंट असतो. ओळखीची जागा इथे कागदाने घेतली आहे, आणि तो कागद बहुतेक जण न वाचताच त्यावर अंगठा देतात.

हा कागद म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार. तो 11 महिन्यांचाच का, याचे उत्तर 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली, म्हणून नोंदणी टाळायला देशभर 11 महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकावर आहे. ती त्याने केली नाही आणि वाद उभा राहिला, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या मुला-मुलींनी हे कलम माहीत करून घ्यायलाच हवे, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांना साध्या स्टॅम्प पेपरवर सही करून, डिपॉझिट रोख देऊन, पावतीही न घेता आत राहायला सांगितले जाते. डिपॉझिटची रक्कम करारात लिहिलेली असली की ती परत मागताना पायाखाली काहीतरी असते. शिवाय पत्त्याचा पुरावा म्हणून हाच करार पुढे बँकेत आणि पासपोर्टसाठी चालतो. वेगवेगळी आडनावे असलेल्या मैत्रिणींना, एकट्या मुलीला, अमुक जातीच्या किंवा धर्माच्या मुलाला घर नाकारले जाते, त्यावर मात्र या कायद्यात उपाय नाही. हे दुखणे या शहरांत उघड आहे आणि ते सोसणारी मुले बहुधा गप्प राहतात.

पहिला पगार कोणी देवापुढे ठेवतो, कोणी आईच्या हातात देतो. काही घरांत कुलदैवताला जाऊन येईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. त्याच महिन्यात पगाराच्या चिठ्ठीवर भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते, मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के. तितकीच रक्कम मालक भरतो, आणि त्याच्या हिश्शातला मोठा भाग निवृत्तिवेतन योजनेकडे वळतो. प्रत्येकाला एक सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच चालवायचा असतो. नव्या ठिकाणी जुना क्रमांक न सांगणारे दुसरे खाते उघडून बसतात आणि पहिल्यातले पैसे वर्षानुवर्षे पडून राहतात. त्याहून महत्त्वाचा रकाना नामनिर्देशनाचा. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला आपल्या मृत्यूनंतरची सोय लिहायला सांगणे घरच्यांना अभद्र वाटते, त्यालाही अवघडल्यासारखे होते आणि रकाना कोरा राहतो. अपघातात मुलगा गेल्यावर त्याच्याच पैशासाठी आईवडिलांना खेटे घालावे लागतात, तेव्हा या कोऱ्या रकान्याची किंमत कळते. भविष्य निर्वाह निधी योजनेच्या नियमानुसार, कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर आपोआप निरर्थक ठरते. म्हणून लग्नानंतर ते नव्याने करावे लागते. हे सांगणारे लग्नघरात सहसा कोणी नसते.

लग्नाचा सोहळा तपशिलाने भरलेला असतो. सुपारी फुटते, याद होते, बस्ता बांधला जातो. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि नातेवाईक केळवणाला बोलावू लागतात. काही भागांत त्याला गडगनेर म्हणतात. देवक बसते, घाणा भरला जातो, हळद लागते, मामा मुलीला बोहल्यावर आणतो. सप्तपदीनंतर माप ओलांडून नवी सून घरात येते आणि जागरण-गोंधळ होऊन लग्नघर मोकळे होते. ही एकच रीत नाही. 1873 मध्ये जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी पुण्यात भटजीवाचून सत्यशोधक पद्धतीने लग्न लागले. आजही सत्यशोधक आणि बौद्ध पद्धतीची लग्ने गावोगाव होतात. खर्च टाळण्यासाठी साखरपुड्यातच अक्षता टाकून ‘यादी पे शादी’ उरकणारी घरे आहेत. कर्ज काढून थाट करण्यापेक्षा त्यांची रीत शहाणपणाची आहे, आणि तिला कमीपणा मानणे सोडले पाहिजे.

पद्धत कोणतीही असो, नोंद वेगळी करावी लागते. मुलाचे वय 21 आणि मुलीचे 18 पूर्ण हवे, एवढे सर्वांना ठाऊक असते. महाराष्ट्रात 1998 च्या अधिनियमानुसार लग्नापासून 90 दिवसांच्या आत विवाह नोंदवायचा असतो, शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे, खेड्यात ग्रामपंचायतीत. वधू-वर, तीन साक्षीदार, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाची पत्रिका आणि फोटो एवढ्यात काम होते. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले, ते मुख्यतः स्त्रियांच्या हितासाठी. नवऱ्याने दुसरे लग्न केले, सोडून दिले किंवा तो अचानक गेला, तर पोटगी, वारसा, निवृत्तिवेतन या सगळ्यांसाठी ‘मी याची बायको आहे’ हे तिलाच सिद्ध करावे लागते. अशा वेळी मंडपातल्या पाचशे पाहुण्यांपेक्षा एक दाखला जास्त उपयोगी पडतो. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे लग्न करणाऱ्यांना मात्र 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य असावे लागते. घरच्यांचा विरोध असलेल्या आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याला हा महिना फार जड जातो, कारण नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते.

लग्नानंतर मुलीने आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. तांदळात नवे नाव लिहिण्याची हौस घरात राहू शकते. पदवी, पॅन, बँक, आधार आणि पासपोर्टवर तेच जुने नाव चालते. नाव बदलायचे ठरवले तर सगळीकडे बदलावे. अर्ध्या कागदांवर माहेरचे आणि अर्ध्यांवर सासरचे, अशी अवस्था सर्वांत वाईट, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत जास्त आढळते.

बाळाची चाहूल लागली की घर पुन्हा हलते. आधी गुपचूप चोरओटी, मग सातव्या महिन्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. नोकरदार बाईसाठी याच काळात रजेचा हिशोब महत्त्वाचा असतो. 2017 च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. ती पहिल्या दोन अपत्यांपुरती आहे, आणि त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. ज्या आस्थापनेत 50 किंवा अधिक माणसे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय असावी लागते. ही सोय मागून घ्यावी लागते, आणि मागताना बाईने संकोच करू नये.

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अजून टिकून आहे. पुण्यात नोकरी करणारी मुलगी लातूरला किंवा चिपळूणला आईकडे जाते. तिथे शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, न्हाऊ-माखू घालणारी बाई हे सारे मिळते, जे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मिळत नाही. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असे मानून पाटापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सरकारी लेखणीला मुदत आहे. जन्म 21 दिवसांच्या आत नोंदवायचा असतो, आणि तो जिथे घडला तिथल्या स्थानिक संस्थेत. म्हणून चिपळूणला जन्मलेल्या बाळाचा दाखला चिपळूणलाच मिळतो, आईबाप पुण्याला राहत असले तरी. दवाखाना जन्म कळवतो, पण त्या वेळी नाव बहुधा ठरलेले नसते. बारसे बाराव्या-तेराव्या दिवशी. आत्या कानात नाव सांगते, पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. मुलीने सासरी परतण्याआधी हेच नाव नोंदवहीत घालून घेतले की काम संपते. एक वर्षापर्यंत ते विनाशुल्क घालता येते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण एकदा गाव सुटले की त्यासाठी पुन्हा प्रवास, रजा आणि खिडकीपुढची रांग आलीच.

नाव लिहिण्याच्या पद्धतीत महाराष्ट्राने एक चांगला बदल केला आहे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम शासकीय कागदांवर ठरवण्यात आला. नऊ महिने वाढवणाऱ्या बाईचे नाव मुलाच्या नावात यायला इतकी वर्षे लागली. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचे वजनही वाढले आहे. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी या सर्वांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून तोच धरला जातो. तेव्हा दाखला हातात पडताच त्यातले प्रत्येक अक्षर, मराठीतले आणि इंग्रजीतले, तपासून घ्यावे आणि चूक असेल तर तिथेच अर्ज द्यावा.

उरते शिधापत्रिका. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी करून तसा दाखला घ्यावा लागतो, तो दाखवून सासरच्या पत्रिकेत नाव चढते. बाळाचे नाव जन्मदाखल्यावरून चढते. नवे जोडपे स्वतंत्र राहत असेल तर त्याच दाखल्यांवर वेगळ्या पत्रिकेसाठी तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात अर्ज करता येतो.