किंमत कोणी मोजायची?

जीव वाचवण्यासाठी खोटं बोलावं का, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाचा सत्यवचनी ब्राह्मण आहे. तो दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा खरा ठावठिकाणा सांगतो. ती माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’तल्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात असाच प्रसंग घेऊन सत्याच्या अपवादांची बारीक चिकित्सा केली आहे. ख्रिस्ती नीतिविचारातही हा पेच दीड हजार वर्षांहून जुना आहे. तिथे तो अधिक टोकदार होतो, कारण देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती या दोन आज्ञांत सगळं नियमशास्त्र आलं, असं खुद्द येशूच सांगतो. मग नियम आणि प्रीती आमनेसामने आली, तर मागे कोणी सरायचं?

अमेरिकी धर्मोपदेशक जोसेफ फ्लेचर यांनी १९६६ साली ‘सिच्युएशन एथिक्स’ या पुस्तकात बेधडक उत्तर दिलं: नियमाने. नियमांचा सल्ला जरूर घ्यावा, पण अखेरचा शब्द त्या प्रसंगी प्रीती काय मागते याचाच असावा. पुस्तक गाजलं आणि त्यावर टीकाही झाली. पॉल रॅम्सी यांच्यासारख्या अभ्यासकांचा आक्षेप साधा होता. प्रीतीला स्वतःचे नियम घडवता येत नाहीत हे ठरवलं कोणी? आणि दर प्रसंगी माणूस नव्याने हिशेब मांडू लागला, तर दिलेल्या शब्दावर विसंबायचं कोणी?

मला हा आक्षेप पटतो, पण माझी खरी भीती वेगळी आहे. प्रीतीच्या नावाने माणूस काय काय करू शकतो, याची साक्ष चर्चच्याच इतिहासात आहे. हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन म्हणजे ख्रिस्ती विचाराचा एक आधारस्तंभ. प्रीती मनात असेल तर मग हवं ते करायला हरकत नाही, अशा अर्थाचं त्याचं वचन आजही हौसेने सांगितलं जातं. प्रीती प्रसंगी कठोरही होते, हे त्याला तिथे सांगायचं होतं. उत्तर आफ्रिकेतल्या, फुटून निघालेल्या दोनातुसपंथी ख्रिस्त्यांना दंड आणि जप्तीचा धाक दाखवून मुख्य चर्चमध्ये आणण्याच्या सरकारी सक्तीला त्याने आधी विरोध केला होता. नंतर मात्र त्याने तिचं समर्थन केलं, तेही त्यांच्याच भल्यासाठी म्हणून. त्यांना देहदंड नको, अशी रदबदली त्याने केली, हेही खरं. पण प्रीती बिशपची होती आणि दंड भरायचा होता दुसऱ्यांनी.

याच्या शेजारी फ्रान्समधलं ल शांबों-सुर-लिन्यों हे डोंगरी गाव ठेवून पाहा. गावात बहुसंख्य प्रोटेस्टंट, कॅथलिक राजवटीच्या छळाची आठवण जपणारे, ह्युगेनो पूर्वजांचे वंशज. १९४०च्या जूनमध्ये फ्रान्सने नाझींपुढे शरणागती पत्करली आणि लगेचच्या रविवारी पाळक आंद्रे त्रोक्मे व एदुआर थेस यांनी शस्त्राविना प्रतिकाराची हाक दिली. त्या हिवाळ्यात एक जर्मन ज्यू बाई दारात आली, तेव्हा आंद्रे यांच्या पत्नी माग्दा यांनी तिला घरात घेतलं. तिच्या कागदपत्रांसाठी त्या नगराध्यक्षाकडे गेल्या, तर त्याने तिला घालवून द्यायला सांगितलं. पुढे गावात खोटी ओळखपत्रं तयार झाली, मुलांना खोटी नावं मिळाली, शेतघरं आणि वसतिगृहं भरली. १९४२ साली अधिकाऱ्यांनी ज्यूंची यादी मागितली. त्रोक्मेंनी ती दिली नाही.

ऑगस्टीनच्या मते खोटं बोलणं जीव वाचवण्यासाठीही पापच. शांबोंमधली माणसं वर्षानुवर्षं खोटं बोलली, पण खोट्याला त्यांनी खरं म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. युद्ध संपल्यावर मुलांची खोटं बोलण्याची सवय मोडावी लागली, असं माग्दा पुढे सांगत. नियम मोडला, तरी त्याचा मान मनातून गेला नव्हता.

आणि किंमत? १९४३च्या फेब्रुवारीत त्रोक्मे आणि थेस यांना अटक झाली. सरकारची आज्ञा पाळण्याच्या हमीपत्रावर सही केली तर सुटका, असं सांगितल्यावरही दोघांनी सही नाकारली. पुढे त्यांना तरीही सोडलं. त्रोक्मेंच्या नात्यातला, वसतिगृह सांभाळणारा तरुण दानियेल विद्यार्थ्यांसोबत पकडला गेला आणि १९४४ साली माय्दानेकच्या छळछावणीत मेला. धोका साऱ्या गावाला होता, पण दारं गावकऱ्यांनी आपण होऊन उघडली होती. १९९० साली जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने या भागातल्या लोकांचा गौरव केला.

दोन्हीकडे प्रीतीचाच दावा आहे. फरक इतकाच, की एकीकडे नियम मोडणाऱ्याने स्वतःचा जीव पणाला लावला, दुसरीकडे भलं करणाऱ्याने दुसऱ्याची मालमत्ता. येशूने सांगितलेल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यातही जखमी वाटसरूच्या उतारशाळेचे पैसे शोमरोनीच देतो. ही कसोटी आजही उपयोगी आहे. बोस्टनमध्ये बालकांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवलं जात होतं, हे २००२ साली जगापुढे आलं. पाद्र्यांबद्दल सहानुभूती होती, चर्चच्या अब्रूची काळजी होती आणि किंमत मोजत होती मुलं. तिथे कोरडा, निष्ठुर नियमच दुर्बळांच्या कामी आला असता.

म्हणून प्रीती नियमाच्या वर आहे, हे मला मान्य आहे. ती नियमापेक्षा स्वस्त आहे, हे नाही. कोणी ‘प्रेमापोटी’ नियम बाजूला ठेवू लागला, मग तो पाळक असो, पालक असो, पुढारी असो की आपण स्वतः, तर एवढंच विचारा: याचं बिल कोणाच्या नावावर फाटणार? उत्तर ‘माझ्या’ असेल तर पुढे विचार करा. ‘दुसऱ्याच्या’ असेल तर मुकाट्याने नियम पाळा.