मृतांची मोजदाद कोणी करावयाची?

लष्करी मोहिमेत निरपराध माणसे मेली की जगाची सदसद्विवेकबुद्धी जागी होते, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी मराठी माणसाला गाझापर्यंत किंवा युक्रेनपर्यंत जावे लागत नाही; मराठवाड्यापर्यंत गेले तरी पुरे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या आणि पाचव्या दिवशी, १७ तारखेस, हैदराबादने हार मानली. हैदराबादची तक्रार २१ ऑगस्टलाच सुरक्षा परिषदेकडे गेली होती. मोहीम चालू असतानाच १६ सप्टेंबरला पॅरिस येथे परिषद बसली. वाद कशाचा? हैदराबाद सार्वभौम आहे की नाही आणि त्याला तक्रारीचा अधिकार पोहोचतो की नाही, याचा! पुढे निजामाने तक्रार मागे घेतली. १९४९ च्या मे महिन्यात पाकिस्तानने परिषदेपुढे पुन्हा बाजू मांडली. निर्णय मात्र काहीच झाला नाही. लंडनला चर्चिलसाहेबांना निजामाचा कळवळा आला खरा. पण उस्मानाबादकडच्या खेड्यातील विधवेपर्यंत तो कळवळा पोहोचला नाही. जगाने निशाणे मोजली, प्रेते मोजली नाहीत.

प्रेते मोजण्याचा प्रयत्न केला तो आपल्याच माणसांनी. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांचे मंडळ नेहरूंच्या सांगण्यावरून १९४८ च्या अखेरीस त्या मुलखात हिंडले. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर मिळून २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली, त्यांतील किमान १८ हजार उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या चार जिल्ह्यांतील, असा मंडळाचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. काही ठिकाणी गणवेशातील माणसांचाही हात होता, असे अहवाल सांगतो. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणारे हिंदूही होते, हेही तोच सांगतो. हा अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला.

येथे कोणी विचारील, “आणि रझाकारांचे काय?” त्यांचे अत्याचार कोण नाकारतो? १९४८ च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातील गोरट्यात त्यांनी केलेले हत्याकांड विसरावे असे कोणीही म्हणणार नाही. विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या शोएबुल्ला खान या मुसलमान संपादकाचा खूनही त्यांनीच केला. परंतु कासिम रझवीच्या पापाची भरपाई त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या शेतमजुराने का करावी? मुलूख मुक्त होणे न्याय्य होते. म्हणून मुक्तीनंतरची प्रत्येक हत्या न्याय्य ठरत नाही.

दुसरे म्हणतात, हे आकडे फुगविलेले आहेत. असतील, अंदाज तो अंदाजच. पण आकडा अमान्य करणाऱ्यावर दुसरी मोजणी करण्याची जबाबदारी येते. मोजणी नको आणि आकडाही नको, हा इतिहास नव्हे. हा निव्वळ शेरा मारून फाईल बंद करण्याचा प्रकार झाला.

आपण सरकारी नोकर शब्दांचे सामर्थ्य जाणतो. जयपूर संस्थान १९४९ साली राजस्थानात आले ते कागदोपत्री, तोफेविना. त्यामुळे आम्ही नोकरीनिमित्त राहतो त्या चौमूंत ‘विलीनीकरण’ या शब्दाला रक्ताचा वास नाही. हैदराबादच्या मोहिमेत रणगाडे आणि विमाने होती, तरी नाव पडले ‘पोलीस कारवाई’. युद्ध म्हटले की मृतांची यादी मागितली जाते. पोलीस कारवाईत ती मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

परके दुटप्पी आहेत, हे शंभरदा मान्य. परंतु परक्यांचा दुटप्पीपणा हे आपल्या मौनाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. जगाने मोजले नाही म्हणून तर ते काम आपल्यावर आले. दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनी आपण हुतात्म्यांना वंदन करतो, ते करावेच. त्याच दिवशी रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतर मारल्या गेलेल्यांची, अशा दोन्ही याद्या गावोगाव शोधून एकत्र वाचल्या जाव्यात. ते सारे मराठवाड्याचेच होते, आणि आपल्या घरच्या मृतांची गणती करावयास सुरक्षा परिषदेची परवानगी लागत नाही.