अन्याय कुणावर?

इळंगो अडिगळांच्या ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्यात कोवलन आपली पत्नी कण्णगी हिला सोडून माधवीच्या घरी राहतो आणि संपत्ती उधळून परत येतो. कण्णगी त्याला दोष देत नाही. पायांतले नूपुर त्याच्या स्वाधीन करते. पुढे चोरीच्या खोट्या आळावरून मदुरेचा राजा कोवलनाचा वध करवतो, तेव्हा हीच कण्णगी राजसभेत जाब विचारते आणि नगर जाळते. पतीवरील अन्यायासाठी एवढा अग्नी. स्वतःवरील अन्यायासाठी मात्र एक ठिणगीही नाही! परंपरेने तिला देवता मानले, ते असे.

ही केवळ काव्याची रीत नव्हे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९७ अन्वये व्यभिचार हा गुन्हा होता. परंतु त्यात अन्यायग्रस्त मानला जाई तो दुसऱ्या स्त्रीचा पती. व्यभिचारी पुरुषाच्या पत्नीला फिर्यादीचा अधिकारच नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, हे योग्यच झाले. तुरुंगाने संसार सांधत नाहीत. घटस्फोटाचा मार्गही तिला खुला आहे. पण दीडशेहून अधिक वर्षे दंडविधानाने जिची गणनाच केली नाही, तिची गणना समाज तरी कुठे करतो?

पंचवीस-तीस वर्षांच्या संसारानंतर पतीचा विश्वासघात उघड झाला, की आप्तेष्ट पत्नीलाच क्षमेचा उपदेश करतात: मुलांकडे पाहा, वयाकडे पाहा, घराण्याच्या नावाकडे पाहा. स्वतःकडे पाहा, असे कुणी म्हणत नाही. या उपदेशात लबाडी आहे. क्षमा करायची तर अपराध घडला आणि तो आपल्याविरुद्ध घडला, हे आधी मान्य व्हावे लागते. जिचे दुःख जमेसच धरलेले नाही, ती क्षमा करीत नसते. निमूट सोसत असते. सोसण्याला क्षमा म्हणणे ही स्त्रीची स्तुती नव्हे, पुरुषाची सोय आहे.

म्हणूनच अशा स्त्रीचा आत्मशोध म्हणजे विवाहापूर्वीच्या मुलीकडे परतणे नव्हे. ती मुलगी आता उरलेली नसते. तो सुरू होतो एका साध्या वाक्याने: ‘अन्याय माझ्यावर झाला आहे.’ त्यानंतर ती घरात राहील किंवा बाहेर पडेल, क्षमा करील किंवा नाकारील. निर्णय कोणताही असो, तो तिचा असेल. तोवर तिच्याकडून घेतलेल्या नूपुरांना कुणी दान म्हणू नये.