तक्रारीची पोच

एका ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका वाचक भगिनीने गेल्या महिन्यात दोन कागदांचे फोटो पाठवले. पहिला तिच्या अर्जाचा: फीमेल वॉर्डातल्या आठव्या खाटेमागचा सॉकेट काळा पडला आहे, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला की जळका वास येतो, बदलून मिळावा. दुसरा तिच्या हाती पडलेल्या ज्ञापनाचा: वरिष्ठांना तोंडी न सांगता परस्पर लेखी तक्रार करून कार्यालयीन शिस्त बिघडवल्याबद्दल ४८ तासांत खुलासा करावा. सॉकेटचा त्यात उल्लेख नाही. ज्ञापनावर जावक क्रमांक ठसठशीत आहे, तिच्या अर्जावर आवक क्रमांक नाही. "सिस्टर, सरांना विचारल्याशिवाय शिक्का मारता येत नाही," असे लिपिक म्हणाला.

हसून सोडून दिले असते, पण भंडारा आठवतो. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, आग लागली आणि १७ पैकी १० बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा आयसीयू पेटला, त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. भंडाऱ्यात परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला, नगरला एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोणाची चूक किती, ते न्यायालय पाहील. पण चौकशीचा पहिला प्रश्न "ड्युटीवर कोण होतं?" हाच असतो, आणि त्याचे उत्तर ड्युटी-लिस्टवर आयते लिहिलेले असते.

वायरिंग आपल्या हातात नाही. सिस्टरचा कागद इनचार्जकडे, तिथून मेट्रन, मग अधीक्षक, मग बांधकाम विभागाची विद्युत शाखा. तिथे अंदाजपत्रक होते आणि निधीसाठी थांबते. तोवर वॉर्डबॉय चिकटपट्टी लावून सॉकेट चालू ठेवतो. कागद यातल्या कुठल्या टेबलावर झोपला, हे सांगायला फक्त आवक क्रमांक असतो. म्हणूनच तो द्यायला हात आखडतो.

आता थोडे आपल्याबद्दल. त्याच वॉर्डाच्या हँडिंग-ओव्हर वहीत अर्जाआधीचे अकरा दिवस तिन्ही पाळ्यांत 'ऑल ओके' लिहिले आहे, हे या भगिनीनेच कळवले. त्यातल्या चार सह्या तिच्या स्वतःच्या. वास सगळ्यांनाच येत होता! कंत्राटी भगिनींची भीती आम्हाला कळते, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर कोण वाकडेपणा घेणार? पण कायम नोकरीतल्या, वीस-वीस वर्षे झालेल्या इनचार्ज सिस्टर्सनी 'ऑल ओके' लिहावे, याला भीती म्हणत नाहीत. हा आळस आहे, आणि तो उद्या कोर्टात आपल्याच सहीने आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

तेव्हा भगिनींनो, आजपासून 'ऑल ओके' बंद. बंद पडलेला सक्शन, न उघडणारे मागचे दार, मल्टिप्लगवर चाललेले तीन वॉर्मर, जे दिसेल ते वेळेसह वहीत लिहा आणि पुढच्या पाळीची सही घ्या. कंत्राटी मुलीच्या अर्जावर इनचार्जने आधी सही करावी, तिला एकटी पुढे ढकलू नये. अर्ज दोन प्रतींत करा. शिक्का नाकारला तर त्याच दिवशी पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, आणि त्याखालचा बी फॉर्म, म्हणजे आगरोधक यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. आपल्या इमारतीचा शेवटचा कधी दिला, हे १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर विचारता येते, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी हे अर्ज तिच्या नावाने नव्हे, पदाधिकाऱ्यांच्या वैयक्तिक नावाने टाकावेत. नागरिक म्हणून अर्ज केला की फाटे फोडता येत नाहीत.

त्या भगिनीचा खुलासा आम्ही फोनवर बसून तयार केला. पहिल्या परिच्छेदात आठव्या खाटेमागचा सॉकेट आहे, दुसऱ्यात अर्जाची तारीख, सोबत अर्जाची प्रत. या वेळी आवक क्रमांक मिळाला. ज्ञापनाच्या उत्तरावर शिक्का मारायला लिपिकाला कोणाला विचारावे लागले नाही.