शिकायची वेळ कोणी ठरवायची?



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. वय अडतीस. नववीनंतर शाळा सुटली, मग लग्न, मुले. थोरली मुलगी यंदा दहावीला. बाई लिहितात, "तिची पुस्तकं चाळताना वाटतं, आपणही परीक्षेला बसावं. पण घरात विषय काढला की सगळी हसतात. आणि खरं सांगू का, वेळ तरी कुठला काढू?"

हसण्याचे नंतर बघू. आधी वेळेचे बोलू या. कारण हा प्रश्न एकेकाळी माझाही होता, आणि त्याचे उत्तर मिळायला मला चांगली पाच-सहा वर्षे लागली.

लग्न होऊन मी पणदऱ्याला आले तेव्हा बारावी झालेली होते. पुढे शिकायची हौस होती. बारामती एसटीने काही लांब नाही. पण कॉलेज भरायचे सकाळी, आणि सकाळीच घरात गाईंच्या धारा, डबे, रानात गेलेल्या माणसांची न्याहारी आणि धाकट्याचे रडणे. कॉलेजचा त्यात काही दोष नव्हता. पण ते ज्याची सकाळ मोकळी आहे त्याच्यासाठीच काढलेले होते. आणि बाईची सकाळ कधी मोकळी असते, तुम्हीच सांगा! आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, एकदा चुलीपाशी बसून म्हणाल्या, "आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?" मी गप्प बसले. पुस्तके ट्रंकेत गेली.

ती बाहेर निघाली ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे. या विद्यापीठातून आपल्यापैकी पुष्कळजणी शिकल्या असतील, पण ते उभे करणाऱ्या पहिल्या कुलगुरूंचे नाव किती जणींना माहीत आहे? डॉ. राम ताकवले. २०२३ च्या मे महिन्यात, नव्वदीच्या घरात असताना, ते गेले.

ताकवले सर मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पुणे विद्यापीठात शिकवणारे. पुराणिक सरांबरोबर त्यांनी लिहिलेले यांत्रिकीचे इंग्रजी पुस्तक पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या हातात अजूनही दिसते. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. योगायोग असा की त्याच १९७८ साली २ ऑक्टोबरला देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पंधरा ते पस्तीस वयाच्या निरक्षरांसाठी रात्रीचे वर्ग निघाले, आणि कॉलेजांनी, विद्यापीठांनीही यात उतरावे असे ठरले. फाटकाच्या आत येईल त्यालाच शिकवायचे, ही विद्यापीठांची जुनी सवय थोडी हलली ती त्या दिवसांत.

पुढे १ जुलै १९८९ ला राज्याच्या कायद्याने मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि सरांकडे त्याची धुरा आली. १९९५ पर्यंत ते तिथे होते. मग दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जरा विचार करा. एवढ्या मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाच्या खुर्चीवर बसून आलेला माणूस. विसावा घ्यायच्या वयात त्याने पत्करले ते ज्याला रोजचा वर्ग नाही, घंटा नाही, असे विद्यापीठ. त्याचे ब्रीदवाक्यच आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी'.

कल्पना एकट्या आपल्याकडची नव्हे. इंग्लंडमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९७१ पासून शिकवणे सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना आणि घरच्या बायकांना सोयीचे म्हणून त्याचे पाठ दूरचित्रवाणीवर भल्या पहाटे नि रात्री उशिरा लागत. आपल्या देशात आंध्र प्रदेशाने १९८२ साली सुरुवात केली. नाशिकच्या विद्यापीठाने आपल्यासाठी केले ते हे, की पुस्तके मराठीत आणली आणि अभ्यासकेंद्रे जवळच्या कॉलेजांतच उघडली. ज्यांच्याकडे बारावीचा दाखला नाही त्यांच्यासाठी 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम काढला. तो पुरा करून कित्येकजणी पदवीच्या परीक्षेला बसल्या. शेतकऱ्यांसाठी शेतीचे शिक्षणक्रमही निघाले.

या पुस्तकांची गंमत सांगते. कॉलेजच्या पुस्तकात मास्तर वर्गात उभे आहेत असे गृहीत धरलेले असते. इथे मास्तर पुस्तकातच बसवलेले! धडा लहान. मध्येच एक प्रश्न, की आतापर्यंतचे समजले का ते स्वतः तपासा. उत्तर मागे दिलेले. मी भाकरी थापायला बसायच्या आधी एक प्रश्न वाचून ठेवायची आणि भाकऱ्या होईपर्यंत उत्तर मनात जुळवायची. रविवारी बारामतीला मार्गदर्शनाचा वर्ग. एका वर्षी ऐन परीक्षेत मामंजींचे ऑपरेशन निघाले आणि माझा एक पेपर बुडाला. पुढच्या परीक्षेला तेवढाच दिला. अशी बी. ए. झाले, आणि आज अर्धवेळ शिकवते.

आता, सगळे गोडच सांगितले तर ती फसवणूक होईल. मुक्त म्हणजे सोपे नव्हे. वर्गात शेजारीण असते, घंटा असते, उद्या मास्तर विचारतील ही भीती असते. घरी यातले काही नाही. म्हणून नाव घालून मध्येच सोडणारे अशा शिक्षणात जास्त असतात, आणि हे जगभर असेच आहे. शिक्षण आपल्या वेळेप्रमाणे चालायला तयार झाले, पण ती वेळ राखायचे काम मात्र आपल्यावर येऊन पडले.

इथे दुसरे एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. डॉ. चित्रा नाईक. मुंबई विद्यापीठाच्या पीएच. डी., राज्याच्या शिक्षण संचालक, पुढे नियोजन मंडळाच्या सदस्य. एवढ्या मोठ्या पदांवर काम केलेल्या बाई सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतर्फे, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शिरल्या. दिवसा गुरे राखणाऱ्या, भावंडे सांभाळणाऱ्या मुली शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच संध्याकाळनंतर भरवली. दोन तासांची. शिकवणारे गावातलेच. आणि मुली आल्या! मुलींना शिकायचे नव्हते असे नाही, त्यांना दिवसाउजेडी सवड नव्हती.

हे मला पुस्तकात वाचून माहीत होते. कळले मात्र आमच्याच ओसरीवर.

दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. आत्या बँकेतून आल्या आणि डाव्या अंगठ्याची शाई पदराला पुसत बसल्या. जन्मभर अंगठाच उठवला त्यांनी. उसाचे बिल असो की दुधाचे. त्या दिवशी रात्री भांडी झाल्यावर हळूच म्हणाल्या, "माझं नाव कसं काढतात गं? दाव की." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. केंद्र सरकारचा 'उल्लास' नावाचा साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून सुरू आहे, पंधरा वर्षांपुढच्या कोणाही निरक्षरासाठी. शिकवणारे स्वयंसेवक असतात. मी शाळेत जाऊन आत्यांचे नाव घातले आणि स्वयंसेवक म्हणून माझेही. गल्लीतल्या आणखी तिघी आल्या. वेळ ठरली रात्री नऊची, कारण धारा, जेवणे, भांडी उरकल्याशिवाय एकीलाही बसता येत नव्हते. उसाच्या तोडीच्या दिवसांत महिनाभर सुट्टी. त्यांनी मागितली, मी दिली.

१७ मार्च २०२४ च्या रविवारी परीक्षा झाली. दीडशे गुणांची. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. तिथेही दिवसभरात आपल्या सोयीने येऊन पेपर सोडवायची मुभा होती. आत्या दुपारी, गाईंना वैरण टाकून, धुवट लुगडे नेसून गेल्या. 'ळ' काढताना हात थरथरत होता म्हणाल्या. पास झाल्या. पण मला राहून राहून आठवते ते दुसरेच. मी विचारले होते, "आत्या, तेव्हा मला हसला होतात, मग आता कसं मनात आलं?" तर म्हणाल्या, "तू रातीची चुलीपाशी वाचायचीस, ते बघत होते न्हवं मी. म्हटलं घरात बसून बी व्हतंय की."

तर ताई, तुम्हाला हसणारी माणसे बघतही असतात, एवढे ध्यानात ठेवा. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यातल्या शंभर बायकांमागे चोवीस निरक्षर होत्या. त्यांतल्या एखादीने तुमच्याकडे बघून पाटी धरली तर तुमची दहावी दुप्पट कामी आली.

आता कामाचे.

दहावी राहिली असेल तर जवळच्या माध्यमिक शाळेत 'सतरा नंबरच्या फॉर्म'ची चौकशी करा. बाहेरून परीक्षेला बसायची ही जुनी, सरळ वाट आहे. फॉर्म आता संगणकावरून भरतात. त्याची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून जूनपासूनच विचारत राहा. मूळ शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणून ठेवा. हरवला असेल तर दुय्यम प्रत मिळते.

दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, ही आपल्या बायकांची नेहमीची अडचण. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा आणि फॉर्मात कोणते नाव घालायचे ते भरण्याआधी विचारा. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.

बारावी झाली असेल तर मुक्त विद्यापीठाचे जवळचे अभ्यासकेंद्र शोधा. प्रवेशाचे नियम आणि तारखा बदलत असतात, तेव्हा कोणाच्या ऐकीव माहितीवर न जाता केंद्रावरच विचारून घ्या.

घरात कोणी अंगठा उठवत असेल तर गावच्या जिल्हा परिषद शाळेत 'उल्लास'साठी नाव द्या. पैसे लागत नाहीत.

आणि अभ्यासाला उरलासुरला वेळ देऊ नका, बरं का. तो कधीच उरत नाही. एक तास ठरवा, पहाटेचा नाहीतर रात्रीचा, आणि घरात सगळ्यांना सांगून टाका की या तासात चहा मिळणार नाही. पहिले आठ दिवस कुरकुर होईल. नंतर आपापला चहा करतात! जमल्यास एक जोडीदारीण गाठा. तुमच्या घरी तर ती आयतीच आहे. मुलीला म्हणावे, बीजगणित तू मला शिकव, मराठीचे निबंध मी तुझ्याकडून करून घेते.

फॉर्म भरलात की कळवा. आत्यांना तुमचे पत्र वाचायला देईन. हल्ली घरात आलेला कागद आधी त्यांच्या हातात जातो.